विश्लेषण : ‘सर्व्हर डाउन’चे खरे कारण सापडत का नाही? लिनक्सच्या गाभ्यातील ‘माग काढण्याच्या जागां’वरून वाद काय?

अकोले तालुक्यातील एखाद्या वाडीवरचा शेतकरी बांधावर उभा राहून ई-पीक पाहणीसाठी पिकाचे छायाचित्र काढतो, ‘अपलोड’ दाबतो आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. विचारले की उत्तर ठरलेले, ‘सर्व्हर डाउन आहे’. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पाहणी राज्यभर मोबाइलवर आली आणि हे वाक्य गावोगावी तोंडपाठ झाले. ते कधी खरे असते, कधी नसते. अडचण सर्व्हरची, नेटवर्कची, अ‍ॅपची की फोनच्या सर्वांत खालच्या थराची, हे कळायचे तर फोन चालू असतानाच त्याच्या आत डोकावावे लागते. अशा डोकावण्याच्या जागा असाव्यात, यावर आता फारसे दुमत नाही. त्या पुढेही तशाच राहतील असे वचन द्यावे का, यावर मात्र लिनक्सचे अभियंते गेली दीड दशके भांडत आहेत. अ‍ॅण्ड्रॉइड फोन लिनक्सवरच चालत असल्याने हे भांडण आपल्या खिशापर्यंत येते.

कर्नेल म्हणजे काय, त्यात ‘हुक’ कशाला?

नगरसारख्या लष्करी छावणीच्या शहरात ‘कर्नेल’ ऐकून डोळ्यांपुढे वेगळेच कोणी उभे राहील. इथे अर्थ आहे गाभा. फोनमधले कोणतेही अ‍ॅप कॅमेऱ्याला, मेमरीला किंवा सिमला थेट हात लावू शकत नाही. ते कर्नेलकडे मागणी करते आणि कर्नेल ती पुरी करतो. कोणत्या अ‍ॅपला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, मेमरी भरली तर कोणाला बाहेर काढायचे, हेही तोच ठरवतो. त्यामुळे छायाचित्र साठवायला सहा सेकंद लागले तर अ‍ॅपला फक्त उशीर झाल्याचे कळते. उशीर का झाला, ते कर्नेललाच माहीत असते.

कर्नेलला विचारायचे कसे? जुनी पद्धत अशी, की संशय असेल तिथे ‘इथपर्यंत पोहोचलो’ असा संदेश छापणारी ओळ घालायची, कर्नेल नव्याने तयार करायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. पण पुन्हा सुरू करताच बहुतेक दोष गायब होतात. गॅरेजमध्ये नेल्यावर गाडीचा आवाज बंद व्हावा, तसेच. म्हणून कर्नेलमध्ये आधीच ठराविक ठिकाणी नोंद घेण्याच्या जागा करून ठेवल्या जातात. त्यांना ट्रेसिंग हुक किंवा ट्रेसपॉइंट म्हणतात. ‘या क्षणी अमुक अ‍ॅपकडून प्रोसेसर काढून तमुकला दिला’, ‘या क्षणी साठवणुकीकडे मागणी पाठवली’ अशा नोंदी वेळेसह तिथे मिळतात.

या जागा बंद असताना जवळपास फुकट असतात. त्या ठिकाणी ‘काहीही करू नकोस’ अशी एक सूचना पडून असते. फोनमधल्या एआरएम प्रोसेसरवर ती चार बाइटची. कोणी हुक चालू केला की कर्नेल धावत्या स्थितीतच ती सूचना खोडून तिथे ‘नोंद घ्यायला जा’ अशी सूचना लिहितो. काम झाले की पुन्हा पूर्ववत.

‘स्थिर’ हुक म्हणजे काय?

नगरमधील कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये याचे उत्तर मिळते. मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर लावतो आणि ‘पी ०३००’ असा कोड वाचतो. अर्थ : इंजिन एकाहून अधिक सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे. गाडी कोणत्या कंपनीची, याने फरक पडत नाही. खोबणीचा आकार तोच, कोडचा अर्थ तोच. भारतात बीएस-६ मानकांच्या दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२३ पासून, गाडीतल्या या निदान व्यवस्थेचे नियम आणखी कडक झाले. वाहनांची अशा नियमांनुसार चाचणी घेण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दिला आहे, त्यांत डीआरडीओची नगरमधील व्हीआरडीई ही संस्थाही आहे.

या व्यवस्थेतली मेख मात्र पुढच्या आकड्यात आहे. ‘पी ०’ने सुरू होणारे कोड सर्वांसाठी समान. ‘पी १’ने सुरू होणारे कोड ज्या त्या कंपनीचे स्वतःचे, त्यांचा अर्थ कंपनी ठरवणार. म्हणजे वाहन उद्योगाने सरळ वाटणी केली : हे कोड पक्के, हे आमचे आम्ही. लिनक्सला नेमकी ही वाटणी जमलेली नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सला ती बऱ्यापैकी जमली होती. २००५ मध्ये आलेल्या सोलारिस १० मध्ये डीट्रेस हे माग काढण्याचे साधन होते आणि त्यातल्या जागांवर स्थिरतेची पाटी असे. ही जागा पक्की, ही बदलू शकते, ही आमची खासगी. पण सोलारिस एका कंपनीचे होते, पाटी लावणारा आणि पाळणारा एकच. लिनक्स हजारो लोक मिळून लिहितात.

यात पुण्याचा संबंध काय?

लिनक्सच्या गाभ्यातला दोष शोधण्याच्या इतिहासात एक ठळक मराठी नाव आहे, अमित काळे यांचे. केजीडीबी हा कर्नेलचा डीबगर २००० नंतरच्या काळात त्यांनी वाढवला आणि सांभाळला. सुरुवातीच्या कामावर व्हेरिटास सॉफ्टवेअरचे नाव आहे, नंतरच्या कामावर पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीजचे. दोन संगणक तारेने जोडायचे, एकावर कर्नेल चालवायचा आणि दुसऱ्यावरून तो हवा तिथे थांबवून ओळ न् ओळ तपासायचा, अशी त्याची रीत.

लिनसचे, म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचे, मत वेगळे होते. सप्टेंबर २००० मध्ये त्यांनी कर्नेलमध्ये डीबगर घेण्यास जाहीर नकार दिला. डीबगर हाताशी असला की लोक मूळ कारणाचा विचार न करता दिसेल ते लक्षण झाकतात, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण ज्याच्या कारखान्यातले यंत्र मध्यरात्री अडकले आहे त्याला तो ऐकवणे अवघड.

नकाराची किंमत पुढची कित्येक वर्षे मोजावी लागली. केजीडीबी मूळ कर्नेलबाहेर, ठिगळासारखा राहिला. कर्नेलची नवी आवृत्ती आली की ठिगळ पुन्हा बेतायचे, कारण आतली शिवण बदललेली असे. अखेर इंगो मोलनार, जेसन वेसल आदींच्या प्रयत्नांनी त्याची सुटसुटीत आवृत्ती जुलै २००८ मध्ये २.६.२६ या कर्नेलमध्ये दाखल झाली. आजही त्या कोडच्या मुख्य फाइलच्या माथ्यावर अमित काळे आणि लिनसिससॉफ्ट ही नावे आहेत.

डीबगर यंत्र थांबवतो. बँकेचा सर्व्हर किंवा लोकांच्या हातातला फोन असा थांबवता येत नाही. त्यासाठी न थांबवता माग काढणारी साधने आली. आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांचा, वंशी कृष्ण आणि प्रसन्ना पंचमुखी यांचा, मोठा वाटा असलेले केप्रोब्ज ऑक्टोबर २००४ मध्ये मूळ कर्नेलमध्ये आले. त्याद्वारे कर्नेलच्या जवळपास कोणत्याही सूचनेवर तात्पुरती जागा करता येते. पण ती जागा फंक्शनच्या नावावर अवलंबून. नाव बदलले की माग तुटला. म्हणून मॅथ्यू डेनॉयर्स यांनी ट्रेसपॉइंट आणले. कोड लिहिणाऱ्यानेच विचार करून ठेवलेल्या या जागा डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ आवृत्तीत दाखल झाल्या.

स्थिर ठेवण्यात अडचण कोणती?

अहिल्यानगरकरांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे नामांतराची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले. पाट्या, शिक्के, लेटरहेड यांच्यावर परिणाम झाला. पण गाड्यांवरचा एमएच-१६ तसाच राहिला, शहराचा ४१४००१ हा पिन कोडही. जी संगणक प्रणाली जिल्हा कोडने ओळखते, तिचे काही अडले नाही. जी नावाच्या स्पेलिंगवर विसंबते, तिला दुरुस्ती करावीच लागणार. केप्रोब म्हणजे नावावर विसंबणे, ट्रेसपॉइंट म्हणजे कोडवर.

इथपर्यंत सोपे आहे. पण उद्या जिल्ह्याचे विभाजनच झाले तर? ती मागणी जुनीच आहे. मग कोड जपून भागत नाही, कारण कोड ज्याकडे बोट दाखवतो तेच दुभंगलेले असते. कर्नेलमध्ये असे विभाजन सतत चालू असते. एखाद्या उपयंत्रणेची रचना मुळातून बदलली, की जुन्या ट्रेसपॉइंटला नोंदायला काही उरत नाही.

२०११ मध्ये हेच घडले. ‘बिग कर्नेल लॉक’ नावाचे एक जुनाट, सगळ्या कर्नेलला एकाच वेळी अडवणारे कुलूप काढून टाकण्यात आले. प्रत्येक नोंदीत त्या कुलपाची स्थिती सांगणारा चार बाइटचा रकाना होता. कुलूपच गेले म्हणून रकानाही काढला. त्याबरोबर लॅपटॉपची बॅटरी कुठे खर्च होते हे दाखवणारे पॉवरटॉप बिघडले. नोंदीतला रकाना कुठे आहे हे सांगणारी वर्णनाची फाइल कर्नेल देत होता, पण पॉवरटॉप ती न वाचता ठरलेल्या अंतरावरची माहिती उचलत होते. चूक पॉवरटॉपची, असे ट्रेसिंगचे काम पाहणारे म्हणत राहिले. टॉरवाल्ड्स यांचा नियम मात्र एकच : वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम बंद पडला, तर दोष कर्नेलचा. शेवटी चार बाइटचा रिकामा रकाना परत घातला गेला. प्रत्येक नोंदीत, काहीही न सांगणारा. तो बराच काळ तसाच राहिला.

हे पाहून अनेक जण सावध झाले. फाइल व्यवस्थेचा सामायिक थर सांभाळणारे अल व्हायरो यांनी आपल्या भागात ट्रेसपॉइंट घेण्यास विरोध केला. आज सोयीसाठी दिलेली जागा उद्या हक्क ठरते आणि मग आतली रचना सुधारता येत नाही, अशी ही भीती. प्रोसेसरचे वाटप करणाऱ्या भागात मध्यम मार्ग निघाला. २०१९ मध्ये तिथे असे ट्रेसपॉइंट घातले गेले जे कर्नेलचे मोड्यूल वापरू शकते, पण बाहेरच्या प्रोग्रॅमला ते दिसत नाहीत. दिसत नाहीत, म्हणून त्यांचे वचनही नाही. युक्ती चांगली आहे. फक्त ज्याला माग काढायचा आहे त्याने आधी मोड्यूल लिहायला शिकले पाहिजे.

माग काढणारेच संशयित ठरले तेव्हा...

या साधनांचा धोका दाखवणारी एक घटना २००८ ची. २.६.२७ कर्नेलच्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेलची नेटवर्क कार्डे कायमची निकामी होऊ लागली. कार्डावरची स्वतःची मेमरीच खराब होत होती. कित्येक दिवस संशय नेटवर्क ड्रायव्हरवर होता. शेवटी दोषी निघाला एफट्रेस, म्हणजे माग काढण्याचेच साधन. ज्या फंक्शनमध्ये सूचना बदलायच्या त्यांचे पत्ते तो टिपून ठेवत असे. त्यातली काही फंक्शने काम संपल्यावर मेमरीतून काढली जात. ती रिकामी जागा नंतर नेटवर्क कार्डाला जोडली गेली आणि एफट्रेसने जुन्या पत्त्यावर जाऊन नवी सूचना लिहिली. भाडेकरू बदललेल्या घरात जुन्या किल्लीने शिरण्यासारखे. स्टीव्हन रोस्टेड यांनी पुढे ती पद्धतच बदलली. पण चालू यंत्राच्या गाभ्यात फेरफार करणे हा पोरखेळ नाही, हे तेव्हा सर्वांना कळले.

मग हुक न देणेच बरे नाही का?

नाही, कारण खिडकी नसेल तर लोक भिंत फोडतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्याची झळ भारतातील विमानतळांनाही बसली, प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मूळ चूक क्षुल्लक होती. एका भागाला २१ रकान्यांची अपेक्षा होती, मिळत होते २०. पण हा कोड विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने तो कोसळताच संगणक कोसळला. संगणकात काय चालले आहे ते पाहायचे तर गाभ्यात शिरणे हाच सुरक्षा कंपन्यांचा रुळलेला मार्ग होता. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांना गाभ्याबाहेरून काम करू देणारी व्यवस्था जाहीर केली. म्हणजे उशिरा का होईना, ठरलेली खिडकी.

फोनमध्येही असेच झाले होते. गुगलच्या कर्नेलवर चिप बनवणारी कंपनी आपला कोड चढवी, त्यावर फोन बनवणारी. काही फोनांत निम्म्यापर्यंत कोड मूळ लिनक्समध्ये नसलेला असे, अशी गुगलचीच माहिती आहे. सुरक्षेची दुरुस्ती आली की ती या सगळ्या थरांतून उतरायला महिने लागत आणि स्वस्त फोनांपर्यंत ती अनेकदा पोहोचतच नसे. गावात वापरले जाणारे फोन बहुतेक याच वर्गातले. म्हणून अ‍ॅण्ड्रॉइड १२ पासून, ५.१० किंवा त्यापुढच्या कर्नेलसह येणाऱ्या फोनांना गुगलने एकसारखा सामायिक कर्नेल बंधनकारक केला. कंपन्यांना वेगळे काही करायचे असेल तर त्यासाठी ‘व्हेंडर हुक’ दिले, आणि ते बांधले ट्रेसपॉइंटच्याच यंत्रणेवर.

यातली खरी हुशारी मुदतीत आहे. या हुकांची स्थिरता एका अ‍ॅण्ड्रॉइड आवृत्तीच्या एका कर्नेल शाखेपुरतीच. पुढच्या शाखेत ते बदलू शकतात. लिनक्समधला वाद ‘कायमचे वचन की वचनच नाही’ या दोन टोकांवर अडला असताना गुगलने भाडेकरारासारखी मुदत लिहून टाकली. मूळ लिनक्सवाल्यांना हे हुक पसंत नाहीत, कारण त्यांचा वापर करणारा कोड मूळ कर्नेलमध्ये नसतो. त्यांचे म्हणणे तत्त्वाला धरून आहे. व्यवहारात मात्र गुगलचा मार्ग जास्त लोकांच्या उपयोगी पडला आहे.

ईबीपीएफने प्रश्न सुटला का?

अर्धा. २०१४ पासून लिनक्समध्ये आलेल्या ईबीपीएफमुळे छोटा प्रोग्रॅम कर्नेलमध्ये सोडता येतो. तो आत जाण्याआधी कर्नेल स्वतः तपासतो, तो नको तिथे हात घालणार नाही आणि अनंत काळ फिरत राहणार नाही, याची खात्री करतो आणि मगच तो हुकला जोडू देतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला’ हे जे दिसते, ती मोजणी अ‍ॅण्ड्रॉइड ९ पासून ईबीपीएफद्वारे होते. रचना बदलली तरी रकाना कुठे गेला हे प्रोग्रॅमला शोधू देणारी सोयही नंतर आली. पॉवरटॉपच्या वेळी ती असती, तर चार रिकामे बाइट वागवावे लागले नसते.

वचनाचा घोळ मात्र कायम आहे. ईबीपीएफचे अधिकृत दस्तऐवज स्पष्ट सांगतात, की ट्रेसपॉइंट हा स्थिर करार नाही, ते बदलले तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जुळवून घ्यावे. आणि टॉरवाल्ड्स यांचा नियम सांगतो, की लोकांचे साधन मोडले तर बदल मागे घ्या. दोन्ही वाक्ये एकाच प्रकल्पात सुखाने नांदतात. प्रत्यक्षात निकाल लागतो तो साधन किती जण वापरतात यावर.

माग काढण्याच्या साधनांचे मोल किती, हे २९ मार्च २०२४ रोजी दिसले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर लॉग-इन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. त्याने कर्नेलच्या ‘पर्फ’ या साधनाने वेळ कुठे जातो ते पाहिले. वेळ जात होता एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या संचात, जिथे तो जायचे कारण नव्हते. त्यातून उघड झाला तो जगभरातील सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा.

सामान्य वापरकर्त्याच्या हाती काय?

वाटते त्यापेक्षा जास्त. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खालील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. त्यात अ‍ॅण्ड्रॉइड ९ पासून ‘सिस्टिम ट्रेसिंग’ असते. काही कंपन्यांच्या फोनांत ते शोधावे लागते. ते चालू करून अडकणारे अ‍ॅप वापरले, की कर्नेलच्या हुकांनी घेतलेल्या नोंदींची फाइल तयार होते. प्रोसेसर कोणाकडे होता, साठवणूक किती वेळ अडली होती, हे ती फाइल उघडून जाणकार सांगू शकतो. कोणते अ‍ॅप केव्हा चालू होते हेही त्यात दिसते. त्यामुळे ती वाटेल त्याला पाठवू नये. साध्या अ‍ॅपना या नोंदी वाचता येत नाहीत, ही अ‍ॅण्ड्रॉइडची चांगली खबरदारी.

शेतकऱ्याने हे करावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण पीक पाहणी असो की रेशन, ज्या प्रणालीवर अनुदान, पीकविमा आणि धान्य अवलंबून आहे ती अडकल्यावर तालुक्याच्या ठिकाणी कोणीतरी अशी एक फाइल घेऊन ती बनवणाऱ्याकडे पाठवू शकतो. त्याला लागणारी यंत्रणा फोनमध्ये आधीच आहे. दोष नोंदवताना अशी फाइल स्वीकारण्याची आणि ठराविक दिवसांत कारण कळवण्याची अट सरकारी अ‍ॅपच्या कंत्राटात घालायला वेगळा निधी लागत नाही. तोवर तलाठी कार्यालयात ‘सर्व्हर डाउन’ हे उत्तर चालत राहील, कारण ते खोटे ठरवण्याजोगी नोंद कोणी घेतच नाही.